ल्यूथरन मंडळीत नव्याने जाणाऱ्यांसाठी: एका हिशेबनिसाचा अभिप्राय

आमच्या मंडळीबद्दल, म्हणजे चर्चबद्दल, अभिप्राय लिहावा की नाही, यावरून आमच्या घरात कुरबूर झाली. बायको म्हणाली, "उपासनेला कसले तारे देता?" मी म्हटलं, माणूस नव्या ठिकाणी राहायला गेला की डॉक्टर, शाळा, नळकामवाला, सगळ्यांचे अभिप्राय चाळतो, मग रविवारी सकाळी कुठे जाऊन बसायचं एवढंच तेवढं अंदाजपंचे ठरवायचं का? "तुमचं तुम्ही बघा," म्हणून ती आत निघून गेली. तर बघतो.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढे वाचायला नको. पाचपैकी चार. अर्धा तारा गीतांच्या पुस्तकासाठी कापलाय, अर्धा वार्षिक सभेसाठी. उरलेले चार कशाचे, ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी मूळचा ल्यूथरन, म्हणजे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतला, नाही. लहानपणापासून ज्या संगतीत जायचो तिथे गाणी झाली की पुढारी सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "आज साक्ष कोण देणार?" लोक उठायचे, आणि खरंच सुंदर बोलायचे. कुणाचा आजार बरा झालेला, कुणाचा मुलगा दारू सोडून घरी परतलेला. माझा आठवडा म्हणजे कचेरी, खातेवही, जाण्यायेण्याची गर्दी. तोंड उघडून सांगावं असं त्यात काही नसायचं. एकदा एक ज्येष्ठ बंधू खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, प्रभूने या आठवड्यात तुमच्यासाठी काहीच केलं नाही का?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर साक्षीची वेळ झाली की मी चपला शोधायला लागायचो. ज्यांना शब्द सुचतात त्यांच्यासाठी ती संगत फार चांगली होती. मला सुचत नाहीत.

ल्यूथरन मंडळीत पहिल्यांदा गेलो तेव्हा दारात एका काकांनी हातात उपासनेचं पत्रक दिलं, "या, बसा," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. नाव विचारलं नाही, तारण झालंय का हेही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. पत्रकावर सगळं ओळीने छापलेलं: कधी उभं राहायचं, कधी बसायचं, पाळक (चर्चचे धर्मगुरू) काय म्हणणार, आपण काय म्हणायचं. आपण म्हणायचं ते ठळक अक्षरात.

पहिलंच ठळक वाक्य पापकबुलीचं. विचाराने, शब्दाने, कृतीने आम्ही चुकलो; जे करायला हवं होतं ते केलं नाही. हे सगळे एका सुरात म्हणतात. माझ्या डावीकडे कमिटीचे अध्यक्ष होते, उजवीकडे बुटाची नाडी सुटलेला शाळकरी मुलगा, आणि तिघांच्या तोंडी तेच वाक्य. मग पाळकबाई आमच्याकडे वळल्या. देव तुम्हाला क्षमा करो, अशी सदिच्छा त्यांनी व्यक्त केली नाही. ख्रिस्ताच्या नावाने तुमच्या सर्व पापांची क्षमा झाली आहे, असं सरळ विधान केलं. मी तेव्हा कोणत्या मनःस्थितीत होतो, पश्चात्ताप पुरेसा खोल होता की वरवरचा, कसलीही चौकशी नाही. उपासना सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, आणि जे मिळवायला एरवी लोक जन्मभर धडपडतात ते देऊन मोकळे.

लोकांना इथे घरच्यासारखं वाटतं त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. पुष्कळजण सांगतील की आमची माणसं प्रेमळ आहेत. असतील, पण प्रेमळ माणसं सगळीकडे असतात आणि खवट माणसंही. इथली खासियत अशी की येताना काही घेऊन यावं लागत नाही. चांगला मूड नको, ताजा अनुभव नको, त्या दिवशीचा पक्का विश्वाससुद्धा नको. विश्वास डळमळला असेल तर विश्वासांगीकार (आपण कशावर विश्वास ठेवतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं निवेदन) शेजारचे म्हणतात, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतं. ज्या रविवारी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही त्या रविवारी बाकीच्यांच्या आवाजावर माझं भागतं.

हे काही आमच्या पाळकबाईंचं डोकं नाही, मुळातलंच आहे. मार्टिन ल्यूथर १५४६ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या आइसलेबेनमध्ये वारला, तेव्हा त्याच्याजवळ एक चिठ्ठी सापडली. मरणाच्या दोन दिवस आधीची. तिचा शेवट आहे: "आपण भिकारी आहोत, हे खरं आहे." १५१७ साली विटेनबर्गमध्ये ज्याने ९५ मुद्दे मांडून युरोप हलवला, बायबल जर्मनमध्ये आणलं, त्याचा अखेरचा ताळेबंद हा. जमेला शून्य, आणि त्याची लाज नाही. मला तो माणूस तिथे पटला.

आता उपासनेबद्दल. दर रविवारी साधारण तोच क्रम: कबुली, गीत, जुना करार, स्तोत्र, नव्या करारातलं पत्र, शुभवर्तमान, प्रवचन, विश्वासांगीकार, प्रार्थना, प्रभुभोजन, आशीर्वाद. कुणी म्हणेल, कंटाळा नाही येत? येतो की. कधीकधी चांगलाच येतो. पण क्रम ठरलेला असला की डोकं 'आता पुढे काय' यात अडकत नाही. वाचनंही पाळकाच्या मर्जीवर नाहीत. तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असतं, त्यामुळे पाळकांना आवडता उतारा परत परत घेता येत नाही आणि नावडता टाळता येत नाही. मला हिशेबनीस म्हणून ही शिस्त फार आवडते. वेदीवरचं वस्त्रही काळानुसार बदलतं: आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) निळं किंवा जांभळं, नाताळ आणि पुनरुत्थानदिनी (ईस्टर) पांढरं, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल, आणि मग कितीतरी आठवडे हिरवं. हिरव्याच्या महिन्यांत काहीच घडत नाही असं वाटतं. मला तेच महिने जास्त आवडतात.

प्रवचन पंधरा-वीस मिनिटं. ल्यूथरन प्रवचनाचा साचा एकदा कळला की पुढचं ओळखता येतं: आधी नियमशास्त्र (देवाच्या आज्ञा) आपली हजेरी घेणार, मग शुभवर्तमान (क्षमेची बातमी) उचलून धरणार. आमच्या बाई बऱ्याचदा हजेरीवर दहा मिनिटं घालवतात आणि उचलायला पाच मिनिटं उरतात. हे मी त्यांना बोललोय. त्या म्हणाल्या, "तुम्ही घड्याळ लावून बसता का?" लावतो.

गाणं हा मात्र या मंडळीचा खरा दागिना. ल्यूथरला लोकांच्या तोंडी, लोकांच्या भाषेत गाणी हवी होती. १५२४ साली न्यूरेंबर्गला छापलेल्या पहिल्या छोट्या पुस्तकात गीतं होती फक्त आठ, त्यातली चार त्याची स्वतःची. तिथून सुरू झालेली परंपरा पुढे लाइपत्सिकमध्ये संगीतकार बाखपर्यंत गेली. आमच्याकडे बाख नाही. ऑर्गनच्या जागी एक जुना कीबोर्ड आहे, त्याची एक पट्टी दाबली की उशिरा वाजते, आणि वाजवणाऱ्या ताई ती पट्टी चुकवत वाजवतात. पण सगळे गातात. बेसूर काकाही पूर्ण आवाजात गातात आणि कुणी मागे वळून बघत नाही. इथे गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे असा प्रकारच नाही. मी आयुष्यात कुठे गायलो नव्हतो. इथे खालच्या सुरात का होईना, गातो.

आता त्या अर्ध्या ताऱ्याकडे येतो. उपासनापत्रक वेगळं, गीतांचं पुस्तक वेगळं, स्तोत्र कधी पुस्तकाच्या पुढच्या भागात तर कधी पत्रकाच्या मागच्या पानावर. भिंतीवरच्या लाकडी फळीवर गीतांचे आकडे लावलेले असतात, ते मागच्या बाकावरून दिसत नाहीत. एका हातात लेकरू असलं की संपलंच. नवा माणूस पान शोधेपर्यंत दुसरं कडवं सुरू झालेलं असतं, आणि जुन्यांना सगळं पाठ असल्याने ही अडचण कुणाच्या गावीही नसते. सगळं एका पत्रकात छापा, असं मी कमिटीत सुचवलं. कागद फार लागतो म्हणाले.

प्रभुभोजनाबद्दल थोडं जपून लिहितो, कारण प्रत्येकाची श्रद्धा आपापली. ल्यूथरन लोक म्हणतात की भाकरी आणि द्राक्षारसात, त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं. कसं, ते सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली (त्याच्या मते प्रभुभोजन ही ख्रिस्ताची आठवण) भेटले, १५ पैकी १४ मुद्द्यांवर जमलं आणि या एका मुद्द्यावर फाटलं. पूर्वी मला हा हट्टीपणा वाटायचा. आता वाटतं, हट्टाला कारण होतं. प्रभुभोजन जर माझ्या आठवणीवर आणि माझ्या भावनेवर चालणारं असेल तर ज्या दिवशी मी आतून कोरडा आहे त्या दिवशी माझ्या पदरात काहीच पडणार नाही. इथे पाळकबाई तळहातावर भाकरी ठेवतात आणि म्हणतात, "तुझ्यासाठी दिलेलं ख्रिस्ताचं शरीर." एरवी मला अहो-जाहो करणाऱ्या बाई त्या एका वाक्यात 'तुझ्यासाठी' म्हणतात. वेदीपाशी अध्यक्षांनाही तेच, नाडी सुटलेल्याच्या आजीलाही तेच.

ही गोष्ट मला नीट उमगली ती मात्र रुग्णालयात. बायकोची शस्त्रक्रिया झाली होती, ती ग्लानीत होती आणि तोंडाने बरं बोलण्याच्या मनःस्थितीत अजिबात नव्हती. पाळकबाई आल्या. हातात चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी काळी पेटी. आत लालसर मखमलीत बसवलेले बोटभर उंचीचे चार पेले, एक छोटी बाटली, झाकण घट्ट बसणारी एक डबी. त्यांनी स्टुलावर पांढरा रुमाल पसरला, औषधांच्या बाटल्या एका बाजूला सरकवल्या, एक स्तोत्र वाचलं, मंडळीत म्हणतात तेच शब्द म्हटले. बायकोला सगळ्या प्रार्थनेतलं "आमेन" तेवढं जमलं. धीर धरा, देवाची काहीतरी योजना असेल, असलं एक अक्षर बोलल्या नाहीत. पेले पुसले, पेटी बंद केली, मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आणि गेल्या. पुढच्या रविवारी इतरांसाठी करतात त्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत बायकोचं नाव घेतलं, नुसतं नाव, आजाराचा तपशील नाही. एरवी उपासनेला तारे नकोत म्हणणारी बायको या भेटीबद्दल मात्र लिहाच म्हणाली.

मुलांचं म्हणाल तर दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यातला विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याचा विधी) वर्ग चांगला चालतो. १५२८ च्या सुमारास ल्यूथर सॅक्सनीतल्या मंडळ्या बघत फिरला. लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही आणि काही पाळकांनाही शिकवता येत नाही, हे बघून तो हबकला. त्यातून १५२९ साली घरोघरी वापरायची लहान प्रश्नोत्तरी आली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रार्थना. प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न, याचा अर्थ काय? आमच्या वर्गात हाच प्रश्न मुलं उलटा फिरवतात. हिशेबाच्या कामासाठी मी शेजारच्या खोलीत बसलो होतो तेव्हा एका मुलीने विचारलेलं कानावर आलं, "पाळकबाई, देवाचं राज्य आपोआप येणारच असेल तर आपण कशाला मागायचं?" बाई म्हणाल्या, "येणारच आहे. आपण मागतो ते आपल्याकडेही यावं म्हणून." उत्तर प्रश्नोत्तरीतलंच आहे. पण प्रश्न विचारल्याबद्दल मुलीला कुणी रागावलं नाही. दुःखाची गोष्ट अशी की दृढीकरण झालं की त्यातली बरीच मुलं दिसेनाशी होतात. कपडे शिवून, फोटो काढून, गायब. यावर मंडळीकडे उपाय नाही आणि असल्याचा आवही कुणी आणत नाही.

मला इथे बांधून ठेवलं ते कामाने. काही आठवड्यांनी दारातले तेच काका म्हणाले, "तुम्ही हिशेबाचं काम करता असं ऐकलं. आमच्या खजिनदारांचे डोळे गेलेत, वह्या जरा तपासाल का?" सभासद झाल्याशिवाय कसं, म्हटलं तर म्हणाले, "बेरजेला सभासदत्व लागत नाही." (पुढे घेतलं सभासदत्व, तो भाग वेगळा.) देवाची खरी सेवा पाळकच करतात आणि बाकीचे प्रेक्षक, हे ल्यूथरने १५२० मध्येच मोडीत काढलं होतं, बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण याजक, म्हणजे पुरोहित. आणि १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राखाली (ल्यूथरन श्रद्धेचं मूळ निवेदन) सह्या कुणाच्या आहेत बघा: राजपुत्रांच्या आणि दोन शहरांच्या प्रतिनिधींच्या. मसुदा मुख्यतः ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याचा, पण सही करून मान पुढे केली ती संसारी माणसांनी. आमच्याकडे वेदीची वस्त्रं इस्त्री करणाऱ्या काकू आहेत. प्रभुभोजनाच्या कापडावर घडी पडली तर त्या आठवडाभर अस्वस्थ असतात. त्यांच्या मनातलं ख्रिस्तशास्त्र, ख्रिस्त कोण याबद्दलचा विचार, मी कधी विचारलेलं नाही.

त्याच विश्वासपत्राच्या सातव्या कलमात आहे की मंडळीच्या खऱ्या ऐक्याला शुभवर्तमान आणि संस्कारविधी (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) यांबाबत एकमत पुरे. माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. हे कलम मी दाराशी मोठ्या अक्षरात लावलं असतं. कारण वार्षिक सभेत भांडण नेमकं रीतींवरूनच होतं. बाकांच्या गाद्या कोणत्या रंगाच्या, यावर मी तासभर वाद ऐकलाय. छपराच्या गळतीची रक्कम मात्र दोन मिनिटांत मंजूर, कारण त्यावर कुणाला मतच नव्हतं. सभा उपासनेला जोडून असते, त्यामुळे पळताही येत नाही. अर्धा तारा.

एक अवघड गोष्ट झाकून ठेवायची नाही. ल्यूथरने १५४३ मध्ये यहुदी लोकांविरुद्ध अत्यंत विखारी लिखाण केलं, आणि पुढच्या काळात त्याचा भीषण वापर झाला. ल्यूथरन जागतिक महासंघाने १९८४ मध्ये आणि नंतर अनेक ल्यूथरन मंडळ्यांनी त्या लिखाणाचा जाहीर धिक्कार केलाय. आमच्या पाळकबाईंनी हे धर्मसुधारणेच्या रविवारी (९५ मुद्द्यांच्या आठवणीचा सण), लाल वस्त्र वेदीवर असताना, व्यासपीठावरूनच सांगितलं. काहीजणांना खटकलं, सणाच्या दिवशी कशाला, म्हणाले. मला वाटतं, त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ज्याच्या नावाने आपण ओळखले जातो तोही "नीतिमान आणि पापी एकाच वेळी" या त्याच्याच सूत्रात बसतो, आणि हे सूत्र फक्त दुसऱ्यांना लावायचं नसतं.

माणसांबद्दल. ल्यूथरन लोक थंड असतात असं ऐकलं होतं आणि त्यात तथ्य आहे. शांतीचं अभिवादन करताना हात मिळवतील, हसतील आणि लगेच आपल्या जागी. ठरलेले बाकही आहेत. पाटी कुठे नाही, पण खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसलात तर एक आजी शेजारी उभ्या राहून काहीही न बोलता बघत राहतील. माझ्यासारख्या संकोची माणसाला हा थंडपणा मानवतो. एकट्याने राहणाऱ्या तरुणाला किंवा मित्रमैत्रिणी शोधत आलेल्या मुलीला तो जाचू शकतो, आणि अशी दोन-तीन माणसं आमच्याकडे येऊन परत गेलेली मी पाहिली आहेत. कमिटीने यावर विचार करायला हवा, गाद्यांपेक्षा जास्त.

जाणार असाल तर थोडं व्यावहारिक. बाजूच्या रांगेत, मध्यावर बसा, म्हणजे कधी उठायचं ते पुढच्यांकडे बघून कळतं. सगळ्या ल्यूथरन मंडळ्या सारख्या नसतात: काही ठिकाणी स्त्रिया पाळक असतात, काही ठिकाणी नसतात, काही मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही प्रभुभोजन देतात, काही फक्त आपल्याच सभासदांना. तुमच्यासाठी हे महत्त्वाचं असेल तर आधी विचारून घ्या. घ्यायचं नसेल तरी पुढे जाता येतं. हात छातीवर दुमडून उभे राहा, आशीर्वाद देतात. उपासनेनंतर कुणी बोलायला आलं नाही तर वाट बघू नका, खुर्च्या उचलायला लागा, चारजण आपोआप बोलतील. आणि पाळकांना काही विचारायचं असेल तर त्या दाराशी उभ्या असतात, पण तिथे रांग लागलेली असते. प्रश्न लांबलचक असेल तर आठवड्यातली वेळ मागून घ्या. मंगळवारी त्या निवांत असतात.